ओ द्यायची नाही

कवळीताईला तिच्या खऱ्या नावानं ओळखणारं या शहरात कोणी नव्हतं, आणि तिला तेच हवं होतं. दातांच्या कारखान्यात ती लोकांच्या कवळ्या घडवायची, म्हणून कवळीताई. कारखाना कसला, दवाखान्यामागच्या दोन खोल्या. जबड्यांचे ठसे यायचे, त्यात प्लास्टर ओतायचं, मेणात एकेक दात बसवायचा, गुलाबी हिरड्या घासून गुळगुळीत करायच्या. घासायच्या मोटरचा आवाज एवढा, की शेजारच्यानं हाक मारली तरी ऐकू येऊ नये. तिनं मोटरजवळचीच जागा मागून घेतली होती.

याला कारण होतं. नवऱ्याच्या घरी हाकेचा कायदा होता. तो खालच्या खोलीतून तिला नावानं हाक मारी. पहिल्या हाकेला ओ आली तर ठीक. दुसरीला आली तर शिव्या. तिसरी हाक मारायची पाळी त्याच्यावर आणली, तर तो जिना चढून वर यायचा. वर येऊन काय करायचा ते तिच्या डाव्या मनगटाला विचारा. ते अजून नीट वळत नाही. आईबापांनी हौसेनं नाव ठेवलं आणि या गृहस्थानं त्याला जन्मभर नावं ठेवली. शेवटी ते नुसतं कानावर पडलं तरी ती दचकून जिन्याकडे बघायची.

काडीमोड होऊन काही वर्षं झाली होती. पण कागदोपत्री तिचं नाव तेच राहिलं, आणि त्याच्या मागे नवऱ्याचं नाव शेपटासारखं. त्याच नावाची चौकशी करत तो दोनदा तिच्यापर्यंत पोचला. दुसऱ्या वेळी तो तिच्या तेव्हाच्या दवाखान्याच्या खिडकीशी उभा राहून अगदी गोड आवाजात विचारत होता, "इथं अमुक अमुक बाई कामाला आहेत का?" ती अंगावरच्या एप्रनसकट मागच्या दारानं निघाली आणि गाव बदललं.

या शहरात आल्यावर तिनं स्वतःला एकच शिस्त लावली: त्या नावाला ओ द्यायची नाही. सोपं नव्हतं ते. एकदा भाजीच्या दुकानात कुणीतरी आपल्या लेकीला त्याच नावानं बोलावलं आणि हिच्या तोंडून "ओ" निसटली. ती सगळी पिशवी तिथंच टाकून घरी पळाली आणि दाराला कडी घालून बसली. त्यानंतर ते नाव ऐकलं की ती जीभ दाताखाली धरायची.

शेवटी ती वकीलबाईंकडे गेली. वकीलबाई तोंडानं फटकळ, पण कामाला चोख. "सज्ञान माणसाला हवं ते नाव घेता येतं," त्या म्हणाल्या. "नवऱ्याची परवानगी लागत नाही, बापाची लागत नाही. प्रतिज्ञापत्र, कोर्टात अर्ज, वर्तमानपत्रात जाहिरात, मग सुनावणी."

"जाहिरात कसली?"

"जुनं नाव, नवं नाव, सुनावणीची तारीख. कुणाची हरकत असेल तर त्यानं यावं म्हणून."

कवळीताईच्या तोंडचं पाणी पळालं. कायद्याची अक्कल बघा! माणसाला लपायचं असेल तर त्यानं आधी दवंडी पिटायची. जाहिरात नको म्हणून अर्ज करता येतो, वकीलबाईंनी तो केलाही. पण धोका आहे याचा पुरावा काय? पोलिसांत तक्रार? तक्रार तिनं कधी केलीच नव्हती. करायला गेली असती तर परत त्याच घरी यायचं होतं. अर्ज फेटाळला गेला. जाहिरातीत पत्ता तेवढा वकीलबाईंनी स्वतःचा घातला.

जाहिरात आली त्या दिवसापासून तिला घास गिळवेना. कारखान्याचे मास्तर म्हातारे आणि थट्टेखोर; नाव बदलतेय एवढंच तिनं त्यांना सांगितलं होतं. तिचं पडलेलं तोंड बघून म्हणाले, "ताई, नाव बदललं म्हणून लोक हसतील, एवढंच ना? हसतील त्याचे दात दिसतील. आणि ते दात बहुतेक आपणच केलेले असतील." एरवी ती हसली असती. त्या दिवशी तिनं एका कवळीत पुढचे दोन दात उलटे बसवले.

सुनावणीच्या दिवशी ती वकीलबाईंना चिकटून कोर्टाच्या दालनात शिरली आणि खांबाआड बसली. डोक्यावरून ओढणी घेतली होती. बाकांवर नजर फिरवली आणि ओढणी आणखी पुढे ओढली. पुढून दुसऱ्या बाकावर, चापून बसवलेला भांग, इस्त्रीचा सदरा. तो आला होता.

"चला इथून," ती कुजबुजली.

"गेलात तर अर्ज निकालात निघेल. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा जाहिरात," वकीलबाई म्हणाल्या. "पुकारा झाला की उभं राहायचं. मला तुमच्या वतीनं बोलता येईल, पण हजेरी तुमची तुम्हालाच द्यावी लागेल."

शिपायानं पुकारा केला. तिचं जुनं नाव, मागच्या शेपटासकट, भरल्या दालनात. तिनं सवयीनं जीभ दाताखाली धरली. दुसरा पुकारा. नवरा मान वळवून दाराकडे बघू लागला. वकीलबाईंनी तिच्या दंडाला चिमटा काढला. शिपाई तिसऱ्यांदा ओरडला, आणि त्या तिसऱ्या हाकेनं जुनी भीती अशी उसळली की ती ताडकन उठून म्हणाली, "ओ!"

दालन हसलं. "इथं हजर म्हणायचं, बाई," शिपाई म्हणाला. दुसऱ्या बाकावरचा तो मात्र हसला नाही. त्यानं तिला पाहिलं होतं.

न्यायाधीशबाईंनी नेहमीचे प्रश्न विचारले. स्वतःच्या मर्जीनं अर्ज केलाय का, कुणाचं देणं बुडवायचंय का, कुठला खटला चालू आहे का. मग हरकतीबद्दल विचारलं. तो उठला, हात जोडले. "बाईसाहेब, नाव बदलून हिला काय लपवायचंय, एवढंच विचारा."

कवळीताईनं समोरच्या बाकाची कड धरली. "लपवायचं काही नाही," ती कशीबशी म्हणाली. "लपायचं आहे."

न्यायाधीशबाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. "ही कायद्यानं हरकत होत नाही. बसा," त्या त्याला म्हणाल्या आणि अर्ज मंजूर केला.

"आता मागे बघायचं नाही," वकीलबाईंनी तिचं कोपर धरलं. बाहेरच्या लांब ओसरीवर टाइपरायटरवाले, पक्षकार, चहावाले यांची झुंबड होती. तो मागून येत होता. तिला त्याचा आवाज आला. हजारांत ओळखला असता तिनं तो. पण हाक तिला नव्हती. तो दुसऱ्याच कुठल्या बाईला बोलावत होता, कुठलंसं दोन अक्षरी नाव. कुणाला घेऊन आला असेल सोबत? नवी बायको? पहिली हाक गोड होती. दुसरी जरा धारदार. ओ दे गं बाई, कवळीताई मनात म्हणाली, दे लवकर, तू त्याला ओळखत नाहीस. तिसरी हाक आली तेव्हा त्या अनोळखी बाईसाठी तिच्याच अंगावर काटा आला. पण ती थांबली नाही. फाटकाशी टॅक्सी उभी होती. वकीलबाईंनी तिला आत ढकललं, स्वतः बसल्या, दार ओढलं, आणि गाडी वळून रहदारीत शिरली.

दोन चौक मागे पडल्यावर तिनं विचारलं. "कुणाला बोलावत होता हो तो? कोण बिचारी?"

वकीलबाईंनी मान वळवली.

"अहो, तुम्हाला! जाहिरातीत वाचलेलं नवं नाव घेत होता. मला वाटलं, आता वळताय."

कवळीताईनं ते नाव आजवर कागदावरच पाहिलं होतं. त्या नावानं तिला अजून कुणी हाक मारली नव्हती. पहिली हाक त्याची. तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

"वकीलबाई," ती म्हणाली, "तिनं ओ दिली नाही."