राठोड सरांनी मोडलेलं नेदरलँडचं स्थळ

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मध्येच हसलात तर मी चहा टाकून उठून जाईन. कारण या किश्श्यात गाढवपणा दुसऱ्या कोणाचा नाही, माझाच आहे. आणि तोही चांगली शिकलेली-सवरलेली असताना केलेला.

तर मी सुजाता. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. राहते दिग्रसला, शिकवते पुसदच्या एका कॉलेजात, तासिका तत्त्वावर. म्हणजे तास घेतला तर मोबदला, आणि सुट्टी लागली की आपण आणि आपलं तत्त्व दोघंही घरी. उरलेल्या वेळात मी बोंडअळ्या पाळते. हो, त्याच, कपाशीतल्या गुलाबी. अख्खा जिल्हा पाठीवर पंप घेऊन जिच्या मागे लागलाय, तिला मी घरात भेंडी खाऊ घालते. ती कशाने मरते हे शोधायचं तर आधी तिला जगवावं लागतं ना? पण हे माझ्या आईला कोण समजावणार.

माझं स्वप्न एकच होतं, परदेशातल्या चांगल्या प्रयोगशाळेत काम मिळावं. आता हे काम शोधणं म्हणजे काय असतं, कधी करून बघा. जाहिरात वाचताना वाटतं, अरे, ही तर माझ्यासाठीच लिहिलीय. कीटक हवेत, आहेत. अळ्या हव्यात, ढिगाने आहेत. आणि शेवटच्या ओळीत बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की व्हिसाचं तुमचं तुम्ही बघा. माझं मी काय बघणार? मला हवा होता व्हिसा स्पॉन्सर करणारा मालक. म्हणजे त्यानेच तिथल्या सरकारला सांगायचं, की ही बाई आम्हाला कामाला हवी आहे, येऊ द्या तिला. असा मालक मिळणं आणि आमच्याकडे मे महिन्यात गार वारा मिळणं सारखंच.

आणि मग एक मिळाला. नेदरलँडची प्रयोगशाळा, काम अळ्यांचंच, व्हिसा तेच करणार. मुलाखतही झाली, बरी झाली. घरी मी कोणाला सांगितलं नाही. मागे एकदा नुसती मुलाखत आहे म्हणून सांगितलं, तर गल्लीने पेढे मागितले होते, आणि ते काम गेल्यावर महिनाभर तीच गल्ली माझ्याकडे सुतकात असल्यासारखी बघायची. यावेळी तोंड शिवून बसले.

नेमकं तेव्हाच घरात माझ्या लग्नाचं सुरू होतं. त्यात आमच्या आत्याला फॉरेनच्या मुलांचं भारी वेड. आता तुम्हीच सांगा, मला परदेशात जायचंय ते अळ्या घेऊन. तिथे कोणाची बायको म्हणून जायचं आणि त्याचा डबा भरत खिडकीतून बर्फ बघत बसायचं, हे मला जमणार होतं का?

म्हणून मी गेले राठोड सरांकडे. राठोड सर म्हणजे माझे एम.एस्सी.चे मार्गदर्शक, आता निवृत्त. पण आमच्याकडे सर निवृत्त झाले तरी त्यांचं एक काम सुटत नाही. विद्यार्थिनीचं लग्न ठरायचं असलं की समोरचे लोक चौकशीचा फोन सरांनाच करतात. पोरगी कशी हाय, स्वभाव कसा, घरी टिकेल का. सरांच्या एका शब्दावर आमच्या बॅचच्या किती मुली सासरी गेल्या असतील, सांगता येत नाही. माझ्या बायोडाटातही बाबांनी सरांचाच नंबर टाकला होता.

"सर," मी म्हणाले, "बाहेरदेशातून कोणाचा फोन आला, तर तेवढं मोडून टाका."

"मोडू कसं? मले खोटं बोलता येत नाही."

"खोटं कशाला? माझ्याबद्दल जे खरं आहे ते सगळं सांगा. आपोआप मोडेल."

सरांनी मान डोलावली आणि मी निश्चिंत झाले.

आता गाढवपणा ऐका. नेदरलँडच्या अर्जात एक रकाना होता. तुम्हाला नीट ओळखणाऱ्या माणसाचं नाव आणि नंबर द्या, आम्ही त्यांच्याशी बोलू. मी कोणाचं नाव दिलं असेल? राठोड सरांचं. आणि सरांना सांगितलं का? नाही. म्हटलं, सर आपलेच आहेत, विचारलं तर चांगलंच बोलतील, त्यात काय सांगायचं. एका माणसाला दोन कामं लावून दिली आणि एकच सांगितलं.

एक दिवस दुपारी सरांचा फोन आला. आवाजात नुसता विजय.

"सुजाता, मोडलं बरं. चिंता करू नको."

"काय मोडलं सर?"

"नेदरलँडवालं. बाई होती, मीनल का काय नाव. पोराची मोठी बहीण असंल. आपल्या अमरावतीचीच निंघाली. मने, सुजाताले इकडं आणाचा विचार हाय आमचा, व्हिसाचं सारं आम्हीच पाहू, तुमी फक्त पोरगी कशी हाय ते मोकळेपणानं सांगा. म्या मनलं, आता पाहाच."

डॉ. मीनल म्हणजे माझी मुलाखत घेणाऱ्या बाई.

"सर, तुम्ही काय काय सांगितलं?"

"सारं खरं. पोरगी तापट हाय. माहे आकडे चुकले त माह्या तोंडावर मले चूक मनली होती. घरात अळ्या पाळते. सणाले पाहुण्यायसमोर श्रीखंडाचा डबा उघडला त अंदर अळ्या वळवळून राह्यल्या होत्या. जेवाची शुद्ध राहात नाही, घरकामाची तिले आवड नाही, चुलत बहिणीच्या हळदीतून उठून अळ्यायले भेंडी टाकाले गेली. मनलं, बाई, ह्या पोरीचा जीव अळ्यायत हाय, माणसायत नाही. तुमच्या घरात तिचं मन रमणार नाही."

"मग त्या काय म्हणाल्या?"

"काय मनते? गपच झाली. मग थँक्यू मनून फोन ठेवला."

मी सरांना खरी गोष्ट सांगितली. मग सर एकदम बारीक आवाजात म्हणाले, "माय मावली. म्या तुह्यी नोकरी मोडली का?"

मला त्यांचं फार वाईट वाटलं. माणसाने सांगितलेलं काम इतकं मनापासून केलं होतं.

"मी पुन्हा फोन लावतो," सर म्हणाले. "सांगतो का स्वयंपाक बेस करते, सालस हाय."

"सर, हात जोडते, तुम्ही आता कोणाला काहीच सांगू नका."

तेवढ्यात मीनल मॅडमची मेल आली. सरांशी बोलणं झालं, आता तुमच्याशी थोडं बोलायचंय. नकार देणारी माणसंसुद्धा किती सभ्य असतात, मला वाटलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण म्हटलं रडायचं नंतर, आधी जमेल तेवढं सावरू. फ्रिजशेजारी नेटवर्क बरं लागतं म्हणून स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकलं आणि व्हिडिओ कॉल लावला. मॅडमचा चेहरा दिसला मात्र, मी त्यांना नमस्कारही करू दिला नाही.

"मॅडम, सरांचा गैरसमज झाला. त्यांना वाटलं तुम्ही मुलाकडच्या आहात. त्यांनी जे सांगितलं त्यातलं काहीच खरं नाही. मी अजिबात तापट नाही, मी कोणाचे आकडे तपासतही नाही. वेळेवर जेवते, वेळेवर झोपते. माझा माणसांत फार जीव आहे. मला घरकाम आवडतं. सुट्टीच्या दिवशी तर मी अळ्यांकडे बघतसुद्धा नाही."

"आणि घरी पाळता त्या?" मॅडमनी विचारलं.

"छे. आमच्या घरात एकही अळी नाही."

मागून आईचा आवाज आला, आणि माझ्या आईचा आवाज म्हणजे फोनची गरजच नाही, तसाच नेदरलँडला पोचतो. "सुजे, तुया अळ्यायचा डबा काहाड बरं फ्रिजातून. मले दही ठेवाचं हाय. आन तू सकाळपासून जेवली काहून नाही?"

मी स्क्रीनकडे बघितलंच नाही. फरशीकडे बघत बसले.

"सुजाता," मॅडम सावकाश म्हणाल्या, "आमच्याकडे आधी एक मुलगा होता. अगदी तुम्ही आता सांगितलं तसा. वेळेवर जेवणारा, माणसांत रमणारा. सुट्टीला गेला आणि आमच्या सगळ्या अळ्या उपाशी मेल्या. तुमच्या सरांचं बोलणं मी आमच्या साहेबांना शब्दन् शब्द सांगितलं. श्रीखंडाचं ऐकून त्यांनी तिथल्या तिथे तुमच्या व्हिसाचं पत्र करायला घेतलं होतं."

"होतं?" माझी मान झटकन वर आली. "म्हणजे आता नाही?"

"पत्र उद्या येईल," त्या म्हणाल्या, आणि इतका वेळ दाबलेलं हसू त्यांना आवरेना. "पण तुमच्या सरांना माझा एक निरोप द्या. म्हणावं, तुम्ही आम्हाला फसवलं. मुलगी इतकं खोटं बोलते, हे चौकशीत लपवूनच ठेवलं."