नानाजींचा पेन ड्राइव्ह

मूल गावच्या बाजारात माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. गावोगावचे पेन ड्राइव्ह इतके व्हायरस घेऊन यायचे की वैतागून मी मशीनवर लिनक्स टाकलं. गिऱ्हाइकं नाकं मुरडायची. मुरडोत बापडी.

२००८च्या दसऱ्यानंतर नानाजी आले, सोबत त्यांच्या बायको सुगंधाबाई. नानाजी म्हणजे आमच्या झाडीपट्टीच्या नाटकांतले गायक. दिवसा धानाच्या बांधीत, आणि धान निघालं की रात्र रात्र स्टेजवर. त्यांच्या पदांसाठी मी लहानपणी अब्बांचा मार खाल्लाय. पण तंबाखू-सुपारीचा खर्रा काही तोंडातून सुटला नाही. त्यानं गळा खाल्ला, नागपूरला ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. ऑपरेशनच्या आधी त्यांच्या मुलानं, प्रफुलनं, त्यांचं एक पद रेकॉर्ड करून घेतलं होतं. ते एवढ्या एका पेन ड्राइव्हमध्ये होतं, दुसरीकडे कुठंच नाही.

"चालून नाई राह्यला, मन्सूरभाऊ," सुगंधाबाई म्हणाल्या. "दसऱ्याले तं चांगला पुजला होता."

मी टोपण काढलं. आत कुंकू.

"विळे, कुऱ्हाडी पुजतो ना, तसाच. पाण्यानं धुतला, पुसला, हळदकुंकू लावलं. आता हेच तं यायचं हत्यार आहे," नानाजींकडे हात करून त्या म्हणाल्या.

ब्रशनं कुंकू काढलं, ड्राइव्ह बल्बखाली वाळवला आणि मशीनला लावला. काहीतरी जोडलंय एवढं लिनक्सला कळत होतं, पण माउंट होईना, म्हणजे उघडेचना. मशीनवरची खाच बदलली, हातानं कमांड दिली, शेवटी फक्त वाचण्यापुरतं उघड म्हटलं आणि उघडलं. आत एकच फाइल, नाव 'बाबा'. नानाजींनी खुर्ची पुढे ओढली.

फाइल वाजली नाही. कॉपी करायला गेलो तर वाचता येत नाही म्हणून चूक दाखवी. खराब भाग सोडून उरलेलं काढायचा प्रयत्न केला. एक शब्दसुद्धा निघाला नाही. मग तर ड्राइव्ह दिसायचाही बंद झाला.

"काऊन नाई येऊन राह्यला?" सुगंधाबाईंनी विचारलं.

"बाई, पाणी..." मी एवढंच बोललो आणि नानाजींनी माझं मनगट धरलं. नाही म्हणून मान हलवली. डोळे भरलेले, पकड मात्र घट्ट. मला त्यांचा रागच आला. आयुष्यभराचा आवाज गेला होता आणि या माणसाला बायकोची पडली होती.

"मालच खराब होता, बाई," मी म्हणालो. "कंपनीतूनच तसा आला."

"मंग बरं. मले वाटलं, माह्या हातानं झालं."

नानाजींनी पेन ड्राइव्ह खिशात घातला. दोघं बसस्टँडकडे गेले. मी शटर अर्धं ओढलं आणि आत बसून रडलो.

पुढच्या दसऱ्याला सोनं द्यायला त्यांच्या घरी गेलो. पाटावर विळे, कुऱ्हाडी धुऊन मांडलेल्या, अजून ओल्या. पेन ड्राइव्हही होता, पण प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला, एकदम कोरडा. कुंकवाचं बोट पिशवीला लावलेलं.

म्हणजे मी 'पाणी' म्हणालो, तेव्हाच बाईंना कळलं होतं.

नानाजी अंगणात पाहुण्यांना बसायला खाट टाकत होते. सुगंधाबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "यायले सांगू नका, भाऊ."