भिंतीतली तार

सिग्नलकाका कुणाच्याही घरी गेले की आधी टीव्हीच्या मागे जात. यजमान दारात "या, या" करत उभे, पाण्याचा ग्लास ट्रेमध्ये तसाच, आणि काका टीव्ही आणि भिंतीच्या फटीत मान घालून मोबाइलच्या टॉर्चने काहीतरी शोधताहेत. मग तिथूनच आवाज यायचा, "ही तार इथं कुणी खोचली? सिग्नल येतो तरी कसा तुम्हाला?" दिल्लीच्या द्वारकेतल्या आमच्या सोसायटीत मराठी घरं बोटांवर मोजण्याइतकी. त्या सगळ्या घरांतल्या माणसांच्या तोंडांपेक्षा काकांना त्यांच्या टीव्हींच्या पाठी जास्त ओळखीच्या होत्या.

केंद्र सरकारच्या नोकरीत ते इंजिनिअर होते. जन्मभर सरकारी क्वार्टरमध्ये काढल्यावर स्वतःचा फ्लॅट झाला, तेव्हा त्यांनी बाहेरच्या खोलीचं थेटर केलं. छताला प्रोजेक्टर, समोर पांढरा पडदा, कोपऱ्यातल्या कपाटात अॅम्प्लिफायर आणि खोलीभर स्पीकर. काकूंची अट एकच होती. "भिंतीवर एक तार दिसता कामा नये. मला घर हवंय, तुमचं ऑफिस नको." काकांनी ती शब्दशः पाळली. कपाटापासून छतापर्यंत भिंत खोदली, प्रोजेक्टरपर्यंत चित्र नेणारी एचडीएमआयची लांबलचक तार आत बसवली, वरून प्लास्टर केलं आणि रंग दिला. तार पाइपमधून न्यायची असते, म्हणजे पुढेमागे ओढून बदलता येते, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण तार त्या वेळची सगळ्यात भारी होती. "ही बदलायची वेळच येणार नाही," ते म्हणायचे. "ही आम्हा दोघांना पोचवून मग जाईल."

रविवारी दुपारी आम्ही सगळी मराठी मंडळी तिथं जमायचो. काकांनी पानिपतहून असले जाडजूड पडदे आणले होते की जूनच्या उन्हातही खोलीत मिट्ट अंधार. त्या पडद्यांआड आमच्या गप्पांचंही पानिपत व्हायचं, कारण काकांचा नियम कडक होता. पिक्चर चालू असताना बोलायचं नाही. कुणी कुजबुजलं की पिक्चर थांबायचा, दिवे लागायचे आणि काका शांतपणे म्हणायचे, "तुमचं होऊ दे. आम्ही थांबतो." एकदा माझ्या मुलाला शिंक आली, तर तो बिचारा "सॉरी आजोबा" म्हणाला आणि त्या सॉरीबद्दल पुन्हा दिवे लागले. दुसरी सवय म्हणजे आधी चित्र, मग आवाज. चित्र पडद्यावर नीट स्थिरावल्याशिवाय ते आवाज सोडत नसत. "डोळ्यांची खात्री झाली की कानांना बोलवायचं."

आणि मग काकूंना काचबिंदू निघाला. निघाला तेव्हाच उशीर झालेला होता. गेलेली दृष्टी परत येत नाही, उरलेली जपायची, असं डॉक्टरांनी सांगितलं. उरलेलीही जाणार, हे त्यांच्या बोलण्यात होतं. काकांनी ते ऐकलं की नाही, देव जाणे. त्यांनी आपल्या परीने निदान केलं. "चित्रच अंधुक आहे गं," मला म्हणाले. "जुना प्रोजेक्टर. आपल्यालाच धड दिसत नाही, तर तिला काय दिसणार? लख्ख चित्र दिलं की दिसेल."

दिसायला हवी होती ती रेवा. त्यांची नात, कॅनडात वाढणारी. मीनल, म्हणजे काकांची मुलगी, तिचे व्हिडिओ पाठवायची. मोबाइलवर काकूंना काही कळेना, मोठ्या पडद्यावर रेवाचा फ्रॉक तेवढा कळायचा. "नाक कुणासारखं आहे हो?" असं त्या विचारायच्या. काकांनी मीनलला कळवलं आणि मीनलने नवा प्रोजेक्टर धाडला. फोर-के, एचडीआर, लख्ख चित्राचं सगळं त्यात होतं. काकांनी तो स्वतः छताला लावला, जुन्या तारेचं टोक त्यात खोचलं आणि बटण दाबलं. पडदा काळाच राहिला. मध्येच रेवा यायची, तिच्या चेहऱ्यावर पांढरे ठिपके नाचायचे आणि ती नाहीशी व्हायची.

मी आयटीतली, म्हणून मला बोलावणं आलं. मी सांगितलं, "काका, नळाचं तोंड तेच आहे, पण आता पाणी चौपट यायचंय. ही तार एवढं वाहून नेणार नाही. आणि तुमचा जुना अॅम्प्लिफायर तर ते पुढे सोडणारच नाही."

"टोक तेच आहे ना?" काका म्हणाले. "एकोणीस पिना तेव्हाही होत्या, एकोणीसच आताही आहेत. मग जायला काय झालं?"

अॅम्प्लिफायर आम्ही बाजूला काढला, आवाजाची वाट वेगळी केली. तेवढं जमलं. पण भिंतीतली तार दाद देईना. चित्राचा दर्जा खाली आणला की ती निमूट चालायची, पण ते काकांना मान्य नव्हतं. "तेच अंधुक चित्र द्यायचं, तर मीनलचं मशीन कशाला?" मग नेहरू प्लेसच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजाराच्या वाऱ्या सुरू झाल्या. मेट्रो बदलत जायचं, सिग्नलला जोर देणारी एखादी डबी आणायची, लावायची, पडदा काळा. एकदा मी सोबत होते. दुकानदाराने डबी हातातही घेतली नाही. "अंकल, पुरानी वायर है, फोर-के नहीं उठाएगी. नई डाल लो ना, यार."

"दीवार के अंदर है, बेटा."

"तो बाहर से ले जाओ! क्लिप मारो, हो गया. पाँच मिनट का काम है."

परतीच्या मेट्रोत मीही तेच सुचवलं. नवी तार भिंतीवरून न्यायची. भिंत फोडायची तर काकूंना त्या धुळीत ठेवणार कुठे? आणि नको ते माझ्या तोंडून गेलं, "काका, काकूंना आता कुठे दिसणार आहे भिंतीवरची तार?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला पुढचं स्टेशन कुठलं ते कळेना. "म्हणजे रेवा दिसेल आणि तार दिसणार नाही, असं म्हणतेस?" एवढंच म्हणाले. तेव्हा मला समजलं, की भिंतीवर तार ठोकणं म्हणजे काकूंचे डोळे गेले असं कबूल करणं. ते त्यांच्याने होणार नव्हतं. आमच्या लेखी तो एका तारेचा प्रश्न होता.

हिवाळा आला. धुरक्यात समोरची इमारत दिसेनाशी झाली, आणि काकू बाल्कनीत बसून म्हणायच्या, "यंदा धुकं फारच आहे नाही? घरातसुद्धा शिरलंय." काका म्हणायचे, "हो, फार आहे." डब्या येत राहिल्या, परत जात राहिल्या. मी ऑफिसच्या कामात अडकले, जाणं कमी झालं.

होळीच्या सुमाराला एका दुपारी काकांचा फोन आला. "ये. चित्र आलंय." आवाजात काही आनंद नव्हता. मी गेले. दार उघडल्याबरोबर समोरच्या भिंतीवर मला ती दिसली. जाड, काळी, नवी तार, कपाटापासून छतापर्यंत उघडी, हातभर अंतरावर क्लिपा ठोकलेली. चार क्लिपा वाकड्या होत्या. काकांच्या हातची वाकडी क्लिप मी त्याआधी पाहिली नव्हती.

काकू सोफ्यावर, पडद्याकडे तोंड करून बसल्या होत्या. नवी साडी नेसून. काकांनी दिवे मालवले आणि बटण दाबलं. आधी चित्र. बर्फात उभी असलेली रेवा, भिंतभर. टोपीच्या लोकरीचा धागा न् धागा दिसत होता, पापणीवरचा बर्फाचा कणसुद्धा. असं चित्र त्या खोलीत कधीच आलं नव्हतं. मी काकूंकडे पाहिलं. रेवाचा सगळा उजेड त्यांच्या तोंडावर पडला होता.

"लावलंत का हो?" काकूंनी विचारलं.

काका जागचे हलले नाहीत. मग येऊन त्यांच्या शेजारी बसले आणि बोलायला लागले. "लावलं. रेवा बर्फात उभी आहे. लाल टोपी आहे. पुढचे दोन दात पडलेत. आणि नाक तुझं आहे. अगदी तुझंच."

"अहो," काकू हळूच म्हणाल्या, "पिक्चर चालू असताना बोलायचं नसतं ना?"

"इंटरव्हल आहे," काका म्हणाले, आणि बोलत राहिले. आवाज सोडायचं त्यांच्या लक्षातच राहिलं नाही.

त्यानंतर रविवारची बैठक मोडली. गेल्या गणपतीत दोघं आमच्याकडे दर्शनाला आली. काकूंचा हात धरून काकांनी त्यांना आत आणलं, त्यांच्या हातात प्रसाद दिला, वाटी कुठे ठेवायची ते सांगितलं. आमचा टीव्ही सकाळपासून बिघडला होता. निळ्या पडद्यावर "नो सिग्नल" अशी अक्षरं इकडून तिकडे फिरत होती. मुलाने मुद्दाम म्हटलंही, "आजोबा, देखो ना, काय झालंय याला."

काकांनी मान वर केली नाही. काकूंच्या पदरावर प्रसादाचा कण सांडला होता, तो ते बोटाने टिपत होते.