सुनेच्या चेहऱ्याचं माप

सोमवारी सकाळी सहाना कॉफीचा पेला ठेवायला वाकली आणि मानाजीरावांना तिच्या वरच्या ओठाशेजारी डाग दिसला. वाटाण्याएवढा, गोल, कडेनं निळा आणि मधे लाल. त्यांची नजर गेलेली कळताच तिनं ओढणी गालावर ओढली आणि आत गेली.

दुसरं कुणी असतं तर विसरून गेलं असतं. पण मानाजीरावांची चौतीस वर्षं म्हैसूरला पोलिसांच्या घोड्यांत गेली होती. त्यांचा खापरपणजा म्हैसूरच्या फौजेत बारगीर होता. यांच्या वाट्याला घोड्यावर बसणं आलं नाही, पण घोड्यांची जिनं, लगाम, तोंडाला बांधायच्या मोहरक्या शिवणं आलं. मुक्या जनावराला काय दुखतं ते त्याच्या तोंडावरच्या खुणांवरून वाचायचं, ही सवय निवृत्त झाल्यावरही सुटली नव्हती. आणि ही खूण पहिली नव्हती. पंधरवड्यापूर्वी तिच्या भुवईपाशी असाच डाग होता. तेव्हा ती म्हणाली होती, कपाटाचं दार लागलं.

दिवसभर त्यांना अन्न गोड लागलं नाही. भागीरथीबाईंनी दोनदा विचारलं, "काय होतंय तुम्हाला?" त्यांनी कन्नडमध्ये "सुम्ने", म्हणजे उगाच, असं म्हणून तो विषय टाळला. शरत त्यांचा एकुलता एक मुलगा. औषधांच्या कंपनीसाठी गावोगाव फिरायचा. लग्नाला दोन वर्षं झाली होती. लहानपणी तो भारी तापट होता, पाटीसुद्धा फोडायचा. ते मानाजीरावांना राहून राहून आठवत होतं.

संध्याकाळी शरतनं स्कूटर लावली तशी त्यांनी हँडल धरलं.

"खरं सांग. सहानावर हात टाकलास?"

शरतला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. "अप्पा! मी? असं वाटलं तरी कसं तुम्हाला?"

"वाटलं म्हणूनच विचारतोय. टाकला असशील तर या घरात ती राहील. तू राहणार नाहीस."

दारात सहाना उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती पायऱ्या उतरून खाली आली.

"मामा, यांनी नाही हो. मी खेळायला जाते. तिथं लागलं."

मग ती आतून एक मोठी पिशवी घेऊन आली. हुणसूर रस्त्याला एक बंद पडलेली वीटभट्टी आहे, तिथं एक रविवार सोडून अठरा-वीस जण जमतात आणि खोट्या बंदुकांनी लढाई खेळतात. त्या बंदुकांतून साबुदाण्याहून जराशी मोठी प्लास्टिकची गोळी सुटते. गोळी लागली की हात वर करून मैदानाबाहेर जायचं. खेळाचं नाव एअरसॉफ्ट. सहाना एका कंपनीत दिवसभर संगणकापुढे बसायची, तिथल्याच मैत्रिणीनं तिला नेलं होतं. सासूला मात्र ती दर वेळी जादा काम आहे म्हणून सांगायची. शरतला माहीत होतं.

"मग तोंडाला काही बांधत नाहीत होय?" मानाजीरावांनी विचारलं.

"बांधतात की." तिनं पिशवीतून मुखवटा काढला. वर गॉगल, खाली हनुवटीपर्यंत लोखंडी जाळी. "पण मला चष्मा आहे ना, अल्वा? आत चष्मा घालून हे चढवलं की पाच मिनिटांत वाफ धरते, काहीच दिसत नाही. मग वर सरकवून पुसते. मैदानात तो काढायचा नाही असा नियमच आहे. मीच काढला. चूक माझीच."

भागीरथीबाई कपाळावर हात मारून घेत म्हणाल्या, "अय्यो! डोळा गेला असता म्हणजे? उद्या तुझ्या आईबापाला पिरियापट्टणला काय तोंड दाखवणार होतो आम्ही? आत्ताच्या आत्ता टाकून दे ते."

मानाजीरावांनी मुखवटा हातात घेतला. सकाळपासून छातीवर धोंडा होता, तो उतरला होता. मुलाकडे बघायला मात्र त्यांना होईना. त्यांनी मुखवटा उलटा केला आणि आतल्या कडेवरून अंगठा फिरवला. कडा टणक होती. आतला स्पंज वाळून कडक झाला होता, पट्टा एकाच जागी खेचत होता.

"थांब गं," ते बायकोला म्हणाले. "रोहिणी घोडी आठवते? डोकं झटकते, द्वाड आहे, म्हणून तिला काढायला निघाले होते. मोहरकीखाली एक रिव्हेट टोचत होता तिला. हिनंही उगाच नाही हे वर सरकवलं."

मग ते शरतकडे वळले. त्याच्या खांद्यावर हात ठेवला. शरतनं तो तसाच राहू दिला.

रविवारी माप घ्यायचं ठरलं. आता सुनेच्या चेहऱ्याला सासऱ्यानं हात कसा लावायचा? दोन वर्षांत त्यांनी तिच्याकडे सरळ असं पाहिलंही नव्हतं. म्हणून भागीरथीबाई कुरकुरत दोरा घेऊन आत बसल्या आणि मानाजीराव बाहेर कट्ट्यावर पाठमोरे.

"कानापासून कानापर्यंत?" ते ओरडले.

"एक वीत आणि चार बोटं!"

"कुणाची बोटं?"

"माझी! आणखी कुणाची?"

त्या मापावर त्यांनी आठवडाभर काम केलं. आरी, मेण लावलेला दोरा, दोन सुया, सगळी हत्यारं ट्रंकेतून निघाली. जिनाखाली घालतात तो नमदा, म्हणजे लोकरीचा दाबून केलेला जाड थर, त्यांनी गॉगलच्या कडेला सगळीकडून बसवला. जाळीला मऊ कातडं मढवलं. काम असं देखणं झालं की शेजारचे येऊन बघून गेले.

सहानानं ते चढवलं. "छान बसलंय, मामा," म्हणाली. चार पावलं चालली आणि वाळत घातलेल्या साडीत शिरून खांबाला धडकली.

"वाफ?" मानाजीरावांनी विचारलं.

"थोडीशी."

"दिसतंय का काही?"

"...नाही."

शरत हसायला लागला, मग तीही. मानाजीराव हसले नाहीत. वारा खेळावा म्हणून गॉगलला वर ज्या फटी ठेवल्या होत्या, त्या त्यांनी नमद्यानं सुबक बुजवून टाकल्या होत्या. इतक्या वर्षांच्या कारागिराची चूक, तीही सुनेनं गोड बोलून झाकून घेतलेली. त्यांनी मुखवटा घेतला आणि जाऊन खोलीत बसले.

थोड्या वेळानं सहाना तिथं आली. चष्मा काढून ठेवला आणि त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसली.

"मामा, आत्यांचा दोरा नको. तुम्हीच बघा."

"मी?"

"घोड्यांचं बघत होता ना हातानं? तसंच बघा."

मानाजीरावांनी हात धोतराला पुसले. मग दोन्ही अंगठे तिच्या नाकाच्या दोन बाजूंना टेकवले आणि हलकेच गालांच्या हाडांवरून कानाकडे नेले. ती डोळे मिटून स्वस्थ बसली होती. डाव्या बाजूला त्यांचा अंगठा थांबला. परत मागे आला.

"हे हाड खाली आहे, मरी, बाळा. उजव्याहून."

तिनं डोळे उघडले. "सात वर्षांची होते. वडिलांची तंबाखू सुकवायची भट्टी होती ना, तिच्या शिडीवरून पडले. कुणालाच दिसत नाही ते. फोटोत मी नेहमी डावी बाजू मागं ठेवते. यांना तेवढं सांगितलंय."

"दुखतं?"

"आता नाही."

"इथनं फट राहते बघ. तुझा श्वास या फटीतनं वर चढतो आणि चष्म्यावर बसतो. गॉगलचा दोष नाही, तुझाही नाही."

ती खालच्या आवाजात म्हणाली, "मामा, त्या दिवशी यांना खरंच घराबाहेर काढलं असतं तुम्ही?"

"काढलं असतं."

"स्वतःच्या मुलाला?"

"तू आमच्याकडे आलीस ती माझ्या भरवशावर आलीस. तुझ्या वडिलांना शब्द दिलाय मी." एवढं बोलून त्यांनी नाकावरच्या मापासाठी दोरा उचलला. सहानाचे डोळे भरले होते, पण माप चुकेल म्हणून ती हलली नाही.

दुसऱ्या खेपेला त्यांनी घाई केली नाही. वरच्या फटी मोकळ्या केल्या. डाव्या गालाखाली नमदा दुहेरी घेतला, उजवीकडे एकेरी. घामानं चिकटणारं कातडं काढून जाळीला सुती अस्तर लावलं, तोंडापुढची जागा उघडी ठेवली. पट्टा मोहरकीसारखा दोन जागी विभागला. काचेला मात्र हात लावला नाही. तिला साधं छिद्र पाडलं तरी ती गोळी झेलेल याची खात्री राहत नाही, हे शरतनं त्यांना वाचून दाखवलं होतं. देवराज मोहल्ल्यातल्या एका ओळखीच्या चष्मेवाल्यानं काड्या नसलेली छोटी फ्रेम करून दिली, ती गॉगलच्या आत बसली. आता चष्मा वेगळा घालायला नको.

मग परीक्षा. परसात पालथ्या मडक्याला मुखवटा बांधला. सगळ्यांनी डोळ्यांना गॉगल लावले, भागीरथीबाईंनीसुद्धा, आणि शरतनं सहानाच्या बंदुकीतून वीस गोळ्या मारल्या. मडक्याचा टवकाही उडाला नाही. गोळ्या झेललेली काच मानाजीरावांनी काढून टाकली आणि नवी बसवली.

"आता जाऊ दे तिला," भागीरथीबाई गोळ्या वेचताना म्हणाल्या. "पण मला खोटं सांगून नाही जायचं. सांगून जा, आयतु? कळलं?"

"आयतु, आत्या," सहाना म्हणाली.

पुढच्या खेळाला मानाजीराव तिच्याबरोबर वीटभट्टीवर गेले. मैदानाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये त्यांना खुर्ची मिळाली. शिट्टी वाजली, पोरं-पोरी विटांच्या ढिगांआड पळाल्या, टकटक आवाज सुरू झाला. कोण कुणाच्या बाजूचं ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. सहाना मात्र ओळखू येत होती. एकदाही तिचा हात मुखवट्याकडे गेला नाही.

साडेचार मिनिटांत तिला गोळी लागली. हात वर करून ती शेडमध्ये आली, मुखवटा काढला. घामानं निथळत होती, आणि चेहऱ्यावर कुठं वळ नव्हता.

"हरलीस की," मानाजीराव म्हणाले.

"हरले. पण मारणारा दिसला मला, मामा! गगन होता. मागच्या वेळी तर कोण मारतंय तेही दिसत नव्हतं."

तो गगन, दांडगा, दाढीवाला, मागोमाग आलाच. सहानाचा मुखवटा त्यानं उलटसुलट करून पाहिला आणि कन्नडमध्ये विचारलं, अंकल, माझा कानावर फार दाबतो, बघाल का? मानाजीराव म्हणाले, बघतो, पण आधी हात धुऊन ये आणि जेव. भागीरथीबाईंनी वीस माणसांना पुरेल एवढा चित्रान्नाचा, म्हणजे लिंबूभाताचा, डबा दिला होता. सहाना पानं मांडायला लागली.