भाऊजींचं सरळ पोहणं

भाऊजींना सकाळी भेटायचं असेल तर घरी जाण्यात अर्थ नव्हता, विहिरीत डोकावावं लागे. महागावजवळ त्यांच्या शेतात कपाशीच्या कडेला मोठी गोल विहीर आहे. तिच्यात ते भिंतीच्या कडेकडेने गरगर पोहत आणि माझी ताई काठावर बसून तुरीच्या शेंगा सोलत असे. हाक मारली की खालून आवाज येई, "थांब लेका, अजून अंग ओलं नाही झालं."

कचेरीत फायली हलवणारा हा माणूस पन्नाशीला टेकल्यावर ट्रायथलॉनच्या नादी लागला. आधी समुद्रात पोहायचं, मग दिवसभर सायकल, मग अंधार पडेस्तोवर धावायचं. पोहणं ठरल्या वेळेत झालं नाही तर सायकलला हातही लावू देत नाहीत. मुलीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा भाऊजी पहाटे ढाणकीच्या रस्त्याला सायकल मारून आले आणि घामेजल्या डोक्यावरच फेटा बांधून घेतला. ताई चिडली, तर म्हणाले, "एक दिवस नागा झाला का मामला खलास."

तलावात पोहायला मनाई, पोहण्याचा हौद दूर यवतमाळला. म्हणून विहीर. वर्षानुवर्षं ते तिच्यात डावीकडे वळत राहिले आणि त्यात काही चुकतंय हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

शर्यतीच्या दिवशी त्यांच्या चपला हातात धरून मी ताईबरोबर किनाऱ्यावर उभा होतो. सुरुवातीला भाऊजी पुढच्यांत होते. मग पोहणाऱ्यांच्या सगळ्या टोप्या समोरच्या तरंगत्या खुणेकडे निघाल्या आणि एकच टोपी डावीकडे सरकू लागली. राखणीच्या होडीतल्या मुलांनी त्यांना वळवून आणलं. त्यांनी पाण्यात डोकं घातलं आणि पुन्हा डावीकडे. तेव्हा मला कळलं. भाऊजी समुद्रातही विहिरीच्या भिंतीभिंतीने चालले होते.

मी घसा फाटेस्तोवर ओरडलो, "भाऊजी, उजवीकडे." ताईने माझा दंड धरला. "कायले ओरडून राह्यला? त्याईले ऐकू थोडीच येते."

वेळ संपली. होडीतून त्यांना आणलं तेव्हा त्यांना धाप लागलेली नव्हती, हेच मला सगळ्यांत असह्य झालं. तेलपाणी केलेली सायकल तिकडे तशीच उभी होती. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "याईनं काहून थांबवलं रे मले? मी तं सरळच चाललो होतो."

परतीच्या गाडीत मी त्यांना विहिरीचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. ताईने पुढे केलेला डबा मात्र उघडला नाही. आता हे सगळं सुटेल असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं.

गावी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेतात गेलो, तर ताई काठावर शेंगा घेऊन बसलेली. माझ्याकडे न बघताच ती म्हणाली, "आजपासून उलटे फेरे घेऊन राह्यले."

मी वाकून पाहिलं. भाऊजी भिंतीच्या कडेकडेने उजवीकडे वळत होते, गरगर, न थांबता. आता पुढच्या खेपेला ते उजवीकडे जातील, हे त्यांना सांगायला मी तोंड उघडलं. पण त्यांचं डोकं पाण्यात होतं.