मठात पँट चालते का?

ग्रीसमध्ये उंच कड्यांच्या माथ्यावर जुने ख्रिस्ती मठ आहेत. ते बघायला जायचं आम्ही तिघी मैत्रिणींनी ठरवलं आणि बेत आखायला माझ्या मुलुंडच्या घरी जमलो. चहा घेऊन आलेल्या आईने ‘मठ’ एवढाच शब्द ऐकला.

“तिथे बायकांना पँट चालते का गं?” तिने विचारलं.

“आई, युरोप आहे तो. तुझा नाक्यावरचा मठ नाही,” मी फटकारलं. मैत्रिणी हसल्या, म्हणून मला अजूनच चेव आला.

मग तिने हळूच विचारलं, “मी आले तर?”

“शेकडो पायऱ्या आहेत. तुला झेपणार नाही.” हेही मीच म्हणाले, मोबाइलमधून डोकं वर न काढता.

दोन दिवसांनी मठांचे नियम वाचले. बायकांनी लांब स्कर्ट घालूनच आत यायचं, पँट चालणार नाही. आईला हे सांगायला माझी जीभ उचलेना. गुपचूप एक लांब काळा स्कर्ट आणला आणि चोरीचा माल लपवावा तसा बॅगेच्या तळाशी कोंबला.

निघायच्या आदल्या दिवशी तो बाहेर काढला, तर खालून दोन बोटं दुमडून शिवलेला. आईचा हातटाका मी कुठेही ओळखेन.

स्कर्ट घेऊन मी स्वयंपाकघरात गेले. माफी मागणार होते, खरंच. ती भाजी परतत होती.

“पायात आला असता,” ती म्हणाली. “शेकडो पायऱ्या आहेत ना.”