आमचं देऊळ कुठलं

टेम्पोत सगळं सामान चढलं. पत्र्याची पेटी, दोन हंडे, पाटा-वरवंटा, मालकांचा फोटो. घोंगडी तेवढी माझ्या काखेत होती. माझा मुलगा शमू म्हणाला, "आई, ती कशाला? भिंगारला ब्लँकेटं आहेत." मी म्हटलं, "ब्लँकेटं तुला, घोंगडी मला," आणि ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळी नुकतीच सरली होती. मालक जाऊन वर्ष झालं होतं आणि गुडघे साथ देईनासे झाले होते. हापशावरून हंडा आणायचा तर वाटेत दोनदा बसावं लागायचं. मग मुलाकडे जायचं ठरवलं. त्यात रडण्यासारखं काही नाही. पण माझी धाकटी जाऊ राहेल टेम्पोची फळी धरून उभी राहिली.

"बाई, घोंगडी न्हेताय तर न्ह्या. पण नाताळात आमच्या मेंढपाळानं काय चादर पांघरायची व्हय?"

"धनगर हाय की. त्याच्याकडनं दुसरी घ्या," मी म्हटलं. टेम्पो हलला. इमामपूरचा घाट येईपर्यंत मी मागं बघितलं नाही. घाटात बघितलं, पण तिथून गाव दिसत नाही.

गावाकडच्या मंडळींनो, तुम्हाला आणि गाव सोडून गेलेल्यांना घोंगडीची गोष्ट ठाऊक आहे, नव्या सुनांना नसेल, म्हणून सांगते. दर हिवाळ्यात धनगर आमच्या रानात मेंढ्या बसवायचा. शेताला खत मिळायचं, त्याला भाकरी मिळायची. त्यानं ही काळी घोंगडी मालकांना दिली. तेव्हापासून नाताळच्या नाटकात जो कोणी मेंढपाळ व्हायचा तो हीच पांघरायचा. पुष्कळ वर्षं मालकच व्हायचे. आवाज मोठा होता आणि अभिनय काही येत नव्हता, म्हणजे मेंढपाळाला योग्यच.

आमच्या गावात देऊळ म्हणजे आपलं देऊळ. मारुतीच्या देवळाला लोक 'मारुती' म्हणतात, आपल्या ख्रिस्ती मंडळीच्या देवळाला नुसतं 'देऊळ'. आठ दिवस आधी बाया ते सारवायच्या. पोरं कामट्यांची चांदणी करून तिला पतंगाचा कागद लावायची. आई म्हणायची, "देवळात जायचं तर पाय धुऊन, आणि चपला भाईर." खाली सतरंज्या असायच्या. म्हातारी माणसं भिंतीला टेकून बसायची आणि प्रार्थना लांबली की तिथंच डुलक्या घ्यायची.

भिंगारला आले तर सून प्रमिला म्हणते चर्च, शमू म्हणतो चर्च, नऊ वर्षांची नात एस्तेर म्हणते चर्च. तिथं बाकडी आहेत, पंखे आहेत आणि माणसं बूट घालून आत बसतात. पहिल्या रविवारी मी सवयीनं पायरीवर चपला काढल्या. बाहेर आले तर माझ्या एकटीच्याच दोन चपला. प्रमिला म्हणाली, "आई, इथं घालून जायचं असतं." मी म्हटलं, "तुम्ही जा घालून. माझे पाय माझ्या आईनं शिकवलेत."

प्रमिला वाईट नाही. शाळेत शिकवते, म्हणून घरातही शिकवते, एवढंच.

डिसेंबर लागला आणि घर हललं. करंज्या मी केल्या. मोबाईलमध्ये बघून प्रमिलानं केक केला, तो मधून बसला. मी काही बोलले नाही. मी काही बोलले नाही याचाच तिला जास्त राग आला. नानकटाईला मैदा, तूप, साखर घेऊन आम्ही तिघी बाजारातल्या बेकरीत गेलो. गावाकडे असलं नव्हतं. इथं आपलं सामान द्यायचं, आपल्या डोळ्यांदेखत मळून घ्यायचं आणि आपल्या ट्रेवर खूण करायची. नाहीतर दुसऱ्याची नानकटाई आपल्या घरी येते. एस्तेरनं प्रत्येकीवर अंगठा दाबला. भट्टीपुढं बायकांची गर्दी, कोणाच्या घरी काय केलं ते सगळं तिथं कळतं. मला ती जागा फार आवडली.

एका संध्याकाळी नगरला कापडबाजारात गेलो. शमूनं मला साडी घेतली. दुकानदारानं पन्नास साड्या काढल्या, मी पहिलीच घेतली. एस्तेरला फ्रॉक, वर भेळ आणि उसाचा रस. डिसेंबरात रस पिऊन पोरगी खोकली, मायलेकींचं भांडण झालं आणि आम्ही हसत घरी आलो.

आता मुद्द्याचं. चर्चच्या नाटकात एस्तेर तिसरा मेंढपाळ होती. तिला एकच वाक्य होतं, पुस्तकी आणि लांबलचक. प्रमिलानं दुकानातून तपकिरी झगा भाड्यानं आणला. एस्तेर म्हणाली, "मला आजीची घोंगडी पाहिजे. आजोबांची." मी तिला सगळं सांगून ठेवलं होतं, ती माझी चूक.

"वास येतो तिला," प्रमिला म्हणाली.

"मेंढपाळाला येतोच वास," एस्तेर म्हणाली. पोरगी आमच्या घरातली आहे हे मला त्या दिवशी कळलं.

शेवटी तडजोड झाली. घोंगडी दोन दिवस गच्चीवर उन्हात टाकायची, मग न्यायची. नाटकाच्या दिवशी तिघं दुपारी स्कूटरवर पुढं गेले. शमू मला न्यायला परत येणार होता. मी नवी साडी नेसून गच्चीवर पापड बघायला गेले, तर घोंगडी तिथंच. नाटक चारला. साडेतीन वाजून गेले होते. शमूचा पत्ता नाही. नंतर कळलं, त्याला शिडीवर चढवून चांदणीच्या वायरी जोडायला लावलं होतं. फोन लावायचा तर माझा मोबाईल त्यानं चार्जिंगला लावून बटणच दाबलं नव्हतं.

पोरगी त्या झग्यात उभी राहिली असती तर काही बिघडलं नसतं. पण मी तिला शब्द दिला होता. मी घोंगडी काखेत मारली आणि रिक्षा स्टँडवर गेले. सलीमभाई नावाचा माणूस पहिल्या रिक्षात होता.

आपल्यात कोणी भेटलं की सलाम म्हणतात. मी म्हटलं, "सलाम."

"वालेकुम सलाम, खाला. बोला, कुठं?"

"देवळात."

त्यानं आरशातून माझ्याकडं बघितलं. "कोणत्या?"

"आपल्या."

त्यानं काखेतल्या घोंगडीकडं बघितलं. मग म्हणाला, "बरं," आणि निघाला. मी स्कूटरवर नेहमी एका अंगाला बसते, मला रस्त्याची एकच बाजू ठाऊक. ही बाजू ओळखीची वाटेना, पण मला वाटलं दुसरी असेल. रिक्षा थांबली. गर्दी होती, फुलं होती, पायरी होती. मी उतरले, चपला काढल्या, दोन पायऱ्या चढले. वर घंटा वाजली आणि समोर गणपती.

"आरं, हे न्हाई!" मी ओरडले. "आमचं देऊळ!"

"मग तुमचं कुठलं?"

"आपलं! जिथं चांदणी लावलीय, पाळकसाहेब असत्यात, गाणी म्हनत्यात!"

सलीमभाई डोकं खाजवत उभा. पायरीशेजारी हार विकणारी एक बाई होती, ती पोट धरून हसायला लागली. "आवं मावशी, चर्च म्हना की! सकाळीच झेंडूच्या माळा दिल्यात म्या तिथं." मग सलीमभाईला म्हणाली, "भाऊ, पळव गाडी. नाटक हाय त्यांचं."

रिक्षात बसल्यावर तो म्हणाला, "चर्च म्हणायचं ना मग! तुम्ही सलाम म्हणता, जायचं देवळात, काखेत घोंगडी. मला वाटलं धनगरांच्या बिरोबाचं काही असेल. बिरोबाचं ठिकाण मला ठाऊक नाही, म्हणून गणपतीला आणलं."

"मुसलमानानं ख्रिस्ती बाईला गणपतीला आणलं," मी म्हटलं. "आता चौथीकडं नेऊ नको, बाबा. सरळ चल."

तो इतका हसला की मी त्याला समोर बघायला सांगितलं. त्यानं रिक्षा पळवली. माझ्या डोळ्यांपुढं ती पोरगी झग्यात दिसत होती आणि प्रत्येक सिग्नल लाल होता.

पोचले तेव्हा नाटक सुरू होतं. देवदूत बोलून झाले होते. दोन मेंढपाळ पुढं आले होते. एस्तेर पडद्याच्या कडेला अर्धी आत, अर्धी बाहेर, दाराकडं बघत उभी. मागून प्रमिला तिला "जा ना, जा" म्हणून ढकलत होती. मी मधल्या वाटेनं सरळ चालत गेले. स्टेजला तीन पायऱ्या होत्या, गुडघ्यांना म्हटलं, नंतर दुखा. वर चढले, पोरीच्या खांद्यावर घोंगडी टाकली आणि बाजूला झाले. पुढच्या बाकड्यावरच्या एका बाईनं नाकाला रुमाल लावला. वास येत होता, खोटं कशाला बोलू.

एस्तेर पुढं आली. घोंगडी तिच्या पायांत लोळत होती. ती पुस्तकी वाक्य साफ विसरली. मी मनात म्हटलं, गेलं. तेवढ्यात ती घसा फाडून ओरडली, "चला रं! लई उशीर झाला, बाळ बघून येऊ!"

सगळं चर्च हसलं आणि मग टाळ्या. आवाज थेट मालकांचा. अभिनय नव्हताच, तोही त्यांचाच. पाळकसाहेब म्हणाले, "आज मेंढपाळ खरा आला, थेट रानातून." प्रमिला हसत होती आणि डोळे पुसत होती. मी तिला सांगितलं, एका वेळी एकच कर.

खाली बघितलं तर मी अनवाणी. चपला गणपतीच्या पायरीवरच राहिल्या होत्या. सगळ्या बुटांमध्ये मी एकटी अनवाणी आणि कोणी काही म्हटलं नाही. दारात सलीमभाई उभा राहून नाटक बघत होता. एस्तेरनं त्याला अंगठ्याची नानकटाई दिली. दुसऱ्या दिवशी त्यानं माझ्या चपला घरी आणून दिल्या. हारवाल्या बाईनं त्या टोपलीखाली जपून ठेवल्या होत्या. मी तिला करंज्या पाठवल्या. त्या कमी गोड होत्या, असा तिचा निरोप आला. बाई मला आवडली.

राहेल, गावाकडचे मेंढपाळ त्या वर्षी चादर पांघरून उभे राहिले, हे तू फोनवर तीनदा सांगितलंस. गेल्या वर्षी धनगरानं नवी दिली, हे एकदाच सांगितलंस. मला ऐकू येतं सगळं.

तुम्ही विचारता, बाई, घरी कधी येणार. येईन, करंज्या घेऊन येईन, चार दिवस राहीन. देवळात भिंतीला टेकून बसेन, तुम्ही जागा धरून ठेवा. पण परत इकडं यायला मला आता जड जात नाही. गावाकडं मी 'देवळात' म्हटलं की कोणी 'कोणत्या' म्हणून विचारत नव्हतं. माझ्यापुरतं घर म्हणजे एवढंच होतं, हे मला रिक्षात बसून कळलं. इतके दिवस मला वाटत होतं, घर म्हणजे पाणी आणि भाकरी असेल.

परवा स्टँडवर एक नवा पोरगा रिक्षात होता. मी म्हटलं, "देवळात." त्यानं तोंड उघडायच्या आत मागच्या रिक्षातून सलीमभाई ओरडला, "अरे, खालाचं देऊळ म्हणजे चर्च! गणपतीला नेऊ नको!"

मी बसले. पोचल्यावर चपला पायरीवर काढल्या. शेजारी एस्तेरच्या दोन होत्या.